घरची मवाळ मस्टर्ड: नाकात न चढणारी आणि कडूही न होणारी

हळदपेठ (सांगली)

सँडविचला, सॅलडला लावतात ती पिवळी, सौम्य मस्टर्ड घरी करायची कृती बहुतेक ठिकाणी "मोहरीपूड, व्हिनेगर, हळद मिक्सरला फिरवा" एवढीच दिलेली असते. तशी केली की दोनपैकी एक ठरलेलं. एकतर पहिल्याच घासाला झणका नाकात जातो, नाहीतर मोहरी कडूजहर होऊन बसते. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, म्हणून आधी ती सांगतो.

अख्खा दाणा तिखट नसतो. त्यात तिखटाचा कच्चा माल वेगळा असतो आणि तो फोडणारं मायरोसिनेज नावाचं एन्झाइम वेगळं. दाणा फुटला आणि पाणी लागलं की दोन्ही एकत्र येतात आणि तिखट तयार होतं. थंड पाण्यात दहा-पंधरा मिनिटांत ते चांगलं चढतं. कोरड्या पुडीवर उकळतं पाणी ओतलं तर एन्झाइम काम सुरू करायच्या आतच मरतं, कच्चा माल तसाच पडून राहतो, आणि तो चवीला कडू असतो. "गरम पाणी घातलं की मोहरी सौम्य होते" हे म्हणूनच अर्धं खरं. तिखट आधी पूर्ण चढू द्यायचं आणि मग मंद आचेवर उतरवायचं. हा क्रम चुकला की पुढे साखर घाला, दही घाला, काही उपयोग नाही.

साधारण पाव किलोच्या बरणीसाठी:

मोहरीपूड ५० ग्रॅम
थंड पाणी १५० मिली
पांढरं व्हिनेगर ८० मिली (बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं)
मीठ ५ ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचा
हळद अर्धा छोटा चमचा
साखर एक छोटा चमचा, आवडत असेल तर

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात पूड आणि थंड पाणी गुठळ्या मोडून कालवायचं आणि १५ मिनिटं नुसतं ठेवायचं. तोंड जवळ नेलं तर डोळे चुरचुरतील, तेच हवं आहे. मग मीठ-हळद घालून अगदी मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं ढवळत शिजवायचं. खिडकी उघडी ठेवा, ही वाफ खोकला काढते. आटून फार घट्ट होऊ लागलं तर दोन-तीन चमचे पाणी. नंतर व्हिनेगर आणि साखर घालून आणखी १० मिनिटं. डावावरून सावकाश ओघळेल इतपत सैल असतानाच उतरवा, गार झाल्यावर घट्ट होतं. कोमट असताना बारीक चाळणीतून डावाच्या पाठीने गाळून काचेच्या बरणीत भरा.

दोन दिवस तरी चाखू नका. पहिल्या दिवशी सगळ्याच मोहरीला थोडा कडवटपणा असतो, तो फ्रिजमध्ये मुरताना जातो.

पाटावरवंटा (वाई)

कृती बरोबर आहे. पण मोहरी कुठली घ्यायची यावर अजून लिहायला हवं, निम्म्या तक्रारी तिथून येतात.

परदेशी कृतीत 'यलो मस्टर्ड' म्हणतात ती सिनॅपिस आल्बा. तिचं तिखट उडून जाणारं नसतं, जिभेवरच राहतं. आपल्याकडे किराणा दुकानात पिवळी मोहरी म्हणून मिळते ती बहुधा पिवळी सरसों नाहीतर राईचाच पिवळा वाण. तिचं तिखट वाफेबरोबर उडतं आणि थेट नाकात शिरतं, काळ्या-तपकिरी राईसारखंच. त्यामुळे परदेशी माप जसंच्या तसं वापरलं की आपली मस्टर्ड झणझणीत होते. करणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं.

ओळखायची खूण सोपी आहे. चमचाभर पूड थंड पाण्यात कालवून दहा मिनिटांनी जिभेच्या टोकावर ठेवा. जळजळ जिभेवरच थांबली तर आल्बा, नाकात गेली तर आपली. आपली असली तरी बिघडत नाही, उलट उडणारं तिखट शिजवताना लवकर उतरतं. व्हिनेगर घालायच्या आधी चाखून बघा आणि अजून चढत असेल तर पाच-सात मिनिटं वाढवा. व्हिनेगर घातल्यावर मात्र तिखट बऱ्यापैकी टिकून राहतं, म्हणून उतरवायचं ते त्याआधी.

काळी मोहरीच घरात असेल तर चवीला चालते, पण सालीमुळे रंग मळकट येतो. मोहरीची डाळ, लोणच्याला आणतो ती, घेतली तर हा प्रश्न मिटतो. साल निघालेली असल्याने दळतेही छान. फक्त वास घेऊन आणा, जुन्या डाळीला खवट तेलाचा वास येतो आणि तो शिजवून जात नाही.

माहुली_संगम

पूड मिक्सरमध्ये केली तर भांड्याच्या तळाशी थापीसारखी चिकटून बसते आणि भरडच राहते. काय करायचं?

पाटावरवंटा (वाई)

मोहरीत तेल भरपूर असतं, भांडं गरम झालं की ते सुटतं. दाणे अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, लहान भांडं घ्या, पाच-पाच सेकंद थांबून थांबून फिरवा. कृतीतलं मीठ त्यातच घाला, दळायला मदत होते. एका वेळी ५० ग्रॅमच्या वर नको. मग मैद्याच्या चाळणीने चाळून वरची भरड पुन्हा फिरवायची. शेवटी उरलेला चाळ टाकू नका, लोणच्याच्या मसाल्यात जातो.

दळलेली पूड दोन-तीन दिवसांत वापरा. आणि भाजू नका! पूड खमंग व्हावी म्हणून मोहरी भाजून घेतात, पण त्याने एन्झाइम जातं आणि उरतो कडवटपणा. लोणच्याच्या मसाल्यावर फोडणी गार करून ओततात त्यामागेही हेच आहे. कडकडीत तेल पडलं की मोहरीची डाळ झणका सोडून कडू होते.

कृष्णाघाट

फेसलेली मोहरी असताना हे सगळं कशाला? काकडीच्या कोशिंबिरीत, कैरीच्या रायत्यात जो झणका लागतो तो या बरणीतल्या मोहरीला येणार नाही. वाटताना चमचा-चमचा पाणी घालत फेस येईपर्यंत घोटली आणि लगेच कालवली की झालं.

हळदपेठ (सांगली)

कृष्णाघाट, पूर्ण मान्य. रायत्यात ही घालू नये, तिथे फेसलेलीच. दोघींची कामं वेगळी आहेत. फेसलेली मोहरी तासा-दोन तासांत खाऊन संपवायची असते, तिचा झणका उडून जातो. ही आंबट, मुरलेली, महिनाभर फ्रिजमध्ये एकसारखी राहणारी. शिवाय तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायचं काम ही फार चांगलं करते. मोहरीच्या सालीत पाण्यात फुगणारा चिकट अंश असतो आणि बारीक पूड तेलाच्या थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. सॅलडमध्ये ती घालतात ती चवीबरोबर याच्यासाठीही.

कोरेगावची_शेंग

या तेल-पाण्याच्या मुद्द्यावर एक नेमकी कृती. आपला वाघ्या घेवडा, कोरेगाव भागातला, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, तो या मोहरीबरोबर फार छान लागतो.

पाऊण वाटी घेवडा आठ ते दहा तास भिजवून, ते पाणी टाकून, नवं पाणी आणि थोडं मीठ घालून कुकरला मऊ शिजवायचा. तीन-चार शिट्ट्या आणि मग मंद आचेवर दहा मिनिटं. घेवडा कधी अर्धाकच्चा खाऊ नये, पोट बिघडतं. बोटाने दाबला तर आतपर्यंत पीठ व्हायला हवं, पण साल शाबूत.

दाणे शिजतायत तोवर वाडग्यात एक छोटा चमचा मस्टर्ड, एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस आणि मीठ हे आधी एकजीव करा. त्यात तीन मोठे चमचे शेंगतेल, पहिला चमचा थेंबाथेंबाने आणि पुढचं बारीक धारेने, फेटत फेटत. चांगलं जमलं की रंग फिका होतो आणि चमच्याच्या पाठीवर साय धरल्यासारखं दिसतं. घेवडा निथळून कोमट असतानाच यात घाला. गार दाण्यात चव शिरत नाही, नुसती वरून लागते. बारीक कांदा, कोथिंबीर अर्ध्या तासाने.

तेल एकदम ओतलं की फुटतं. फुटलं तर दुसऱ्या वाडग्यात अर्धा चमचा मस्टर्ड आणि एक चमचा कोमट पाणी घ्या, त्यात फुटलेलं मिश्रण थोडं थोडं घालत फेटा, परत जुळून येतं.

सातारी_सुगरण

कोरेगावची_शेंग ताई, घाण्याचं शेंगतेल चालेल का? आणि याच तत्त्वावर बिनअंड्याचं मेयो होईल का? घरात अंडं चालत नाही.

कोरेगावची_शेंग

घेवड्याला घाण्याचं तेल उत्तम, तो वास त्याला शोभतो. मेयोला नको, तिथे दाण्याचा वास वर येतो. रिफाइंड तेल घ्या.

१०० मिली दूध आणि २०० मिली तेल, दोन्ही एकाच तापमानाचं, म्हणजे दूध फ्रिजमधून काढलं असेल तर तासभर बाहेर. उंच, अरुंद भांड्यात दूध, त्यावर तेल, एक छोटा चमचा मस्टर्ड, पाव चमचा मीठ. हँड ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करायचा आणि खालचं पांढरं घट्ट झालं की मगच हळूहळू वर उचलायचा. लिंबाचा रस एक मोठा चमचा, पण शेवटी. आधी घातला की दूध फाटतं. रुंद भांडं घेतलं तर ब्लेंडरचं पातं तेलातच फिरत राहतं आणि काही जुळत नाही. फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.

पेवातली_हळद

हळदीबद्दल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, पण मस्टर्डमध्ये ती जपून घालायची. ५० ग्रॅम पुडीला अर्धा छोटा चमचा ही वरची मर्यादा समजा. जास्त झाली की मातकट चव येते आणि ती कशानेही झाकत नाही. हळद शिजवायच्या सुरुवातीलाच घालायची, गार झालेल्या मस्टर्डला रंग कमी वाटला म्हणून वरून घातली तर कच्चट वास शेवटपर्यंत राहतो. आंबटात हळदीचा पिवळा टिकतो, उजेडात उडतो. म्हणून बरणी खिडकीत किंवा ओट्यावर नको. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, पितळेचंही नको, व्हिनेगरने धातूची चव उतरते.

जाता जाता, अशी हळद घातलेली फिकट, सौम्य मस्टर्ड अमेरिकेत लोकप्रिय झाली ती १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनापासून. तिथे फ्रेंच बंधूंच्या कंपनीने ती हॉटडॉगबरोबर पुढे आणली. नावात फ्रेंच असलं तरी ते आडनाव. फ्रान्समधली दिजाँ मस्टर्ड वेगळी, ती तपकिरी मोहरीची, हळदीशिवाय, आणि बरीच झणकेदार. कृतीत 'दिजाँ' लिहिलं असेल आणि ही घालायची असेल तर दीडपट घ्या आणि वेगळं व्हिनेगर कमी करा.

माहुली_संगम

व्हिनेगर नको असेल तर लिंबू?

हळदपेठ (सांगली)

चालतं. पण लिंबाचा रस शिजवू नका, वास जातो आणि कडवट होतो. मोहरी पाण्यात शिजवून, कोमट झाल्यावर ६० मिली गाळलेला रस घाला. आठवडाभरात संपवा आणि फ्रिजमध्येच ठेवा. व्हिनेगरची टिकते तेवढी ही टिकत नाही.

तासगाव_बेदाणा

गोडसर मस्टर्ड हवी असेल त्यांच्यासाठी. साखरेपेक्षा बेदाणे घालून बघा. ४० ग्रॅम पिवळे बेदाणे धुऊन ६० मिली व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवायचे, सकाळी त्याच व्हिनेगरसकट गंधासारखे वाटायचे आणि तयार १५० ग्रॅम मस्टर्डमध्ये मिसळून पाच मिनिटं मंद आचेवर फिरवायचं. काळ्या मनुकांनी चव चांगली येते, रंग मात्र चॉकलेटी. बेदाण्यांमुळे दाटपणा येतो, तेव्हा मूळ मस्टर्ड सैल असू द्या.

गूळ घालणार असाल तर तो थेट किसून टाकू नका. दोन मोठे चमचे गूळ एक चमचा पाण्यात विरघळवून, गाळून, मग तीन मोठे चमचे मस्टर्डमध्ये. गुळात चिपाडाचे कण, वाळू निघते आणि मऊ मस्टर्डमध्ये तो कण दाताखाली लगेच कळतो. महाबळेश्वरकडचा मध असेल तर प्रश्नच नाही, फक्त मध गरम मस्टर्डमध्ये न घालता गार झाल्यावर.

हे गूळ-मोहरीचं मिश्रण रताळ्याच्या, गाजराच्या फोडींवर फार छान लागतं. फोडी तेल-मीठ लावून तव्यावर झाकण ठेवून पूर्ण शिजू द्या, मिश्रण शेवटच्या तीन-चार मिनिटांत घाला. आधी घातलं की गूळ करपतो आणि आत फोड कच्ची राहते.

मिरजेचा_तवा

पनीर आणि चिकनला लावायचं प्रमाण सांगेल का कोणी? माझ्याकडे तव्यावर मोहरीचा थर काळा पडतो.

सातारी_सुगरण

अर्धा किलो चिकनला दोन मोठे चमचे मस्टर्ड, एक चमचा तेल, आलं-लसूण, मिरपूड. मस्टर्डमध्ये मीठ आणि आंबट दोन्ही आहे, म्हणून मीठ नेहमीच्या निम्मं आणि लिंबू, दही काहीच नाही. तासभर पुरे, फार तर दोन. रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो. पनीरला अर्धा तास. माशाच्या तुकड्यांना १५ ते २० मिनिटांच्या वर अजिबात नको, आंबटाने मासा पांढरा पडून भुसभुशीत होतो.

काळं पडतं ते वरचा जाड थर आणि मोठी आच यामुळे. तव्यावर टाकायच्या आधी बोटाने पुसून पातळ थर ठेवा, आच मध्यम, आणि तुकडा स्वतःहून सुटेपर्यंत हलवू नका. पुसून काढलेली मस्टर्ड टाकून द्या, कच्च्या चिकनला लागलेली आहे. चव वर हवी असेल तर गॅस बंद केल्यावर बरणीतली ताजी अर्धा चमचा एका चमचा लोण्यात कालवून वरून लावा. मोहरीचा वास असा शेवटी लावलेलाच राहतो, शिजलेल्यात मागे फक्त आंबटपणा आणि थोडा खमंगपणा उरतो.

आणि फोडणीत तयार मस्टर्ड कधीच नको. तिच्यात पाणी आहे, तापल्या तेलात तडतडून अंगावर उडते आणि लगेच जळते.

कृष्णाघाट

दुधाच्या पांढऱ्या सॉसमध्ये घातली की सॉस फाटतो, त्यावर?

सातारी_सुगरण

गॅस बंद, सॉस दोन मिनिटं निवला, मग पाव लिटरला एक छोटा चमचा. त्यानंतर उकळी आणू नका. आधी लोणी-मैदा नीट परतलेला असेल तर सॉस सहसा फाटत नाही, पातळ नुसत्या दुधात मात्र फाटणारच. चीज घालणार असाल तर अर्धा चमचा बास, त्याने चीजची चव उठून येते आणि मोहरी वेगळी कळतही नाही.

बटाट्याच्या सॅलडला चक्का १०० ग्रॅम, मस्टर्ड दोन छोटे चमचे, मीठ, चिमूट साखर. अर्धा किलो बटाटे उकडून सोलून पूर्ण वाफ जाऊ द्यायची, नाहीतर चक्क्याला पाणी सुटतं.

सँडविचला ब्रेडवर थेट मस्टर्ड लावली तर तासाभरात ब्रेड ओला होतो. दोन भाग मऊ लोणी, एक भाग मस्टर्ड, फेटून लावा. डब्याला नेण्यासाठी हेच. भाजलेल्या कणसालाही हेच लावा, मीठ-लिंबू वेगळं लागत नाही.

पाटावरवंटा (वाई)

कृष्णाकाठच्या वांग्याच्या भरितावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दह्यातल्या भरितात ही मस्टर्ड चांगली जाते. एक मोठं वांगं, अर्धी वाटी दही, एक छोटा चमचा मस्टर्ड. वांगं भाजून, सोलून, गार झाल्यावर ठेचायचं, दही आणि मस्टर्ड आधी वेगळ्या वाटीत कालवून घ्यायचं. दही आंबट असेल तर मस्टर्ड अर्धा चमचा, नाहीतर आंबटावर आंबट होतं. वरून फोडणी घालणार असाल तर तिच्यात मोहरी नको, जिरं-हिंग-मिरची पुरे.

माहुली_संगम

शेवटचा प्रश्न. माझ्या बरणीत वर पाणी साचतंय. खराब झाली का?

हळदपेठ (सांगली)

पाणी पिवळसर, स्वच्छ आणि वास नेहमीचाच असेल तर खराब नाही. पूड भरड राहिली किंवा शिजणं कमी पडलं की पाणी वेगळं होतं. ढवळून घ्या. रोजच साचत असेल तर पातेल्यात ओतून पाच मिनिटं मंद आचेवर फेटत शिजवा आणि पुन्हा गाळा. बुरशीचा ठिपका, फेस, झाकण उघडताना फुस्स असा आवाज किंवा आंबूस वास, यातलं काही असलं तर वरचं काढून खालचं वापरायचं नाही, अख्खी बरणी टाका.

बरणी उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेली हवी. गळ्यापर्यंत भरा, वर हवा कमी राहू द्या. चमचा कोरडाच घाला, सँडविच लावताना ब्रेडचे कण लागलेला चमचा परत बरणीत जातो, तिथूनच बुरशी सुरू होते. वाटीत काढून घेतली की हा प्रश्न येत नाही. फ्रिजमध्ये महिना-दीड महिना चव उत्तम राहते. पुढे रंग फिका पडतो आणि नुसता आंबटपणा उरतो, तेव्हा ती चिकनला किंवा पनीरला लावून संपवा आणि सॅलडला नवी करा.